‘पेशंट’ म्हणणारे काका

स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार असलेल्यांच्या घरच्यांसाठी दादरला मी एक गट चालवते. त्यातल्या एका काकांबद्दल, त्यांना विचारून आणि ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून, लिहिते आहे.

काकांना औषधांची माहिती दांडगी. क्लोझापिन सुरू केलं की रक्तातल्या पांढऱ्या पेशी नियमित तपासाव्या लागतात, हे नव्या माणसाला तेच समजावत. सगळ्यांना त्यांचा आधार वाटायचा. मला मात्र एक गोष्ट खटकायची. स्वतःच्या मुलाला ते ‘पेशंट’ म्हणत. आणि त्यांची पाळी आली की, ‘आमचं ठीक चाललंय, पुढे घ्या.’

हेलन ब्लॉक लुईस या अमेरिकन मनोविश्लेषक बाईंनी उपचारांच्या सत्रांमधली बोलणी शब्दशः तपासली आणि १९७१ मध्ये मांडलं, की लाज तिथे सतत असते, पण तिचं नाव क्वचितच कुणी घेतं. ती लपते भावना वगळून केलेल्या भरभर बोलण्यात. नाहीतर रागात.

एका शनिवारी गटातल्या मुलीनं सांगितलं, तिला बघायला पाहुणे आले तेव्हा भावाला कल्याणला मावशीकडे पाठवलं होतं. काका ताडकन म्हणाले, ‘घरातलं सगळं चव्हाट्यावर मांडायलाच हवं का?’ पोरगी गोरीमोरी झाली.

‘काका, तुम्हाला लाज वाटतेय का?’ असं तेव्हा विचारणं म्हणजे चारचौघांत माणसाला उघडं पाडणं. मी ते करत नाही. आधी मुलीला म्हटलं, ‘सांगितलंस ते बरं केलंस.’ मग सगळ्यांना विचारलं, ‘पाहुणे येणार असले की आपण घरात काय काय करतो?’ एक आजी म्हणाल्या, गोळ्या पिठाच्या डब्यामागे ठेवते. दुसरे एकजण म्हणाले, ‘तो पुण्याला असतो’ असं सांगतो. काका वर पंख्याकडे बघत होते.

‘धाकटीच्या साखरपुड्याला माझ्या मुलाला आतल्या खोलीत ठेवलं. बाहेरून कडी लावली. एकदाही ओरडला नाही हो तो.’

‘जाऊ द्या, होतं असं’ असं कुणी म्हणालं नाही, याचं मला फार बरं वाटलं. घाईघाईचा दिलासाही माणसाला गप्प करतो.

इतकं बोललेला माणूस पुष्कळदा पुढच्या वेळी येतच नाही. घरी पोचेपर्यंत, आपण काय बोलून बसलो, याची नवी लाज चढते. म्हणून मी त्याच संध्याकाळी फोन करते. काका लोकलमध्ये होते. ‘येतो शनिवारी,’ म्हणाले, आणि त्या मुलीचा नंबर मागितला, माफी मागायला. नंबर मी दिला नाही. गटातच बोला म्हटलं.