अपूर्णांक मोजून शिकवताना

अपूर्णांक शिकवताना मी वर्तुळाची चित्रं बाजूला ठेवली आणि कागदी पट्ट्या घेतल्या. पट्टीचा तुकडा मोजपट्टीशेजारी ठेवून मोजता येतो, आणि मला अपूर्णांक व मापन एकत्रच शिकवायचं होतं.

प्रत्येक पट्टी २४ सेंटीमीटरची. ही लांबी मुद्दाम निवडली, कारण तिचे २, ३, ४, ६, ८ किंवा १२ समान भाग केले तरी प्रत्येक भाग पूर्ण सेंटीमीटरमध्ये येतो. पट्ट्या मीच कापल्या. दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडला तरी पुढची तुलना बिघडते.

पट्टी मधोमध दुमडली की अर्धी, पुन्हा दुमडली की पाव, आणखी एकदा दुमडली की अष्टमांश. उलगडल्यावर हमखास गोंधळ होतो. काही मुलं घड्यांच्या रेघा मोजतात आणि सात भाग सांगतात. मी लगेच दुरुस्त करत नाही, एकेका भागावर बोट ठेवून पुन्हा मोजायला लावते. मोजपट्टीवर १ पासून मोजणारी मुलंही जागेऐवजी खुणाच धरून बसलेली असतात. त्यांना मी ३ पासून सुरू होणारी तुटकी पट्टी देते. पेन्सिलीचं एक टोक ३ वर आणि दुसरं १५ वर असेल, तर पेन्सिल १५ सेंटीमीटरची कशी, यावर मुलं आपसात चांगलीच भांडतात. तो तास मला फार आवडतो.

पाच समान भाग घडीने नीट होत नाहीत. त्यासाठी मोठ्या कागदावर ४-४ सेंटीमीटर अंतरावर सहा समांतर रेषा आखल्या. पट्टी तिरकी ठेवून तिच्या एका कडेचं एक टोक पहिल्या रेषेवर आणि दुसरं सहाव्या रेषेवर आणायचं, मधल्या रेषा त्या कडेला जिथे छेदतात तिथे खुणा करायच्या. प्रत्येक भाग ४.८ सेंटीमीटर.

या पाचव्या भागांची खरी गरज बेरजेत लागली. १/२ + १/३ = २/५ असं लिहिणाऱ्यांना मी तिन्ही तुकडे मांडायला सांगितले. अर्धा १२ सेंटीमीटर, तृतीयांश ८, आणि दोन पंचमांश अवघे ९.६. बेरीज एकट्या अर्ध्यापेक्षाही लहान! मुलांनी स्वतःच उत्तर खोडलं. मग सहाव्या भागांची पट्टी शेजारी ठेवली. अर्ध्यात असे तीन भाग, तृतीयांशात दोन, मिळून ५/६, म्हणजे २० सेंटीमीटर. छेद समान करायची रीत मी त्यानंतरच फळ्यावर लिहिली.

शेवटी बाकाची रुंदी याच पट्टीने मोजायची. कुणाचं उत्तर २ पूर्णांक ५/८ पट्ट्या आलं, तर ४८ आणि १५ मिळून ६३ सेंटीमीटर, मग टेपने पडताळणी. कड दोन घड्यांच्या मध्ये आली की मुलं आपणहून आणखी एक घडी घालतात. सोळावा भाग म्हणजे १.५ सेंटीमीटर. दशांश अपूर्णांक मी तिथूनच सुरू करते.