आमची वाटचाल : केळीच्या चेंबरपासून सापाच्या पेटीपर्यंत

आमच्या युनिटचं मूळ काम तापमान सगळीकडे सारखं ठेवण्याचं. रावेर-यावलकडच्या केळीसाठी पिकवणीचे चेंबर आणि नवापूरच्या पोल्ट्रीसाठी ब्रूडरचे, म्हणजे पिल्लांना ऊब देणाऱ्या यंत्राचे, कंट्रोलर. केळीला १६ ते १८ अंश लागतात, १३ च्या खाली गेलं की साल काळवंडते. पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३ ते ३५, मग दर आठवड्याला दोन-तीन अंश कमी. दोन्हीकडे चारही कोपऱ्यांत एकच आकडा दिसला की काम चोख झालं.

पाळीव सापांसाठी पेट्या करायला घेतल्या तेव्हा हीच सवय आडवी आली. पहिल्या रचनेत तळभर हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई) होती, हवा फिरवायला छोटा पंखा होता आणि पेटीत कुठेही प्रोब (तापमान मोजणारं टोक) ठेवा, ३१ अंश. केळीसाठी उत्तम, सापासाठी चूक. साप अंगातली उष्णता आपल्यासारखी स्वतः राखत नाही, जागा बदलून राखतो. पोट भरलं की गरम बाजूला, पचलं की थंड बाजूला. सगळीकडे ३१ असेल तर त्याला जायला जागाच उरत नाही. मग तो पाण्याच्या भांड्यात पडून राहतो, काचेला नाक घासतो, खाणं सोडतो. आमच्या कामाला खरी दिशा तिथून मिळाली : पेटीत एक तापमान नको, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत उतार हवा.

हा उतार बॉल पायथनसाठी (आफ्रिकेतला छोटा अजगर) असा ठेवायचा. गरम टोकाला जिथे साप बसतो त्या पृष्ठभागावर ३१ ते ३३ अंश, थंड टोकाला २५ ते २७, रात्री २४ च्या खाली नाही. आर्द्रता ५५ ते ६५ टक्के, कात टाकायच्या दिवसांत ७० च्या वर. कॉर्न स्नेकला (अमेरिकेतला बिनविषारी साप) थोडं कमी चालतं : गरम टोक २९ ते ३१, थंड टोक २२ ते २५. लपायच्या जागा दोन, दोन्ही टोकांना एकेक. एकच ठेवली तर साप लपण्यासाठी उष्णतेवर पाणी सोडतो किंवा उष्णतेसाठी लपणं सोडतो, आणि दोन्हीत त्याचं नुकसान. खाऊन झाल्यावर गारठला तर भक्ष्य पोटात सडतं आणि तो ते उलटून टाकतो. गारठा आणि ओल एकत्र आली की श्वासाचा संसर्ग होतो : तोंड उघडं, नाकाशी बुडबुडे, श्वासाला शिट्टीसारखा आवाज.

इथे कायद्याचं स्पष्ट सांगतो, कारण ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न तोच असतो. नाग, धामण, अजगर, मांडूळ हे आपल्याकडचे साप वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात आणि ते घरात पाळणं हा गुन्हा आहे. मांडुळाबद्दलच्या गुप्तधनाच्या अफवांनी त्या गरीब प्राण्याचे फार हाल झाले आहेत, म्हणून हे मोठ्याने सांगावंसं वाटतं. बॉल पायथन साइट्सच्या (वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) दुसऱ्या परिशिष्टात आहे. २०२४ च्या नियमांनुसार अशा परदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते. नोंदणी दाखवल्याशिवाय आम्ही पेटी देत नाही.

पेटीचं साहित्य ठरायला वेळ लागला. काच दिसायला छान, पण उष्णता भराभर सोडते. साधा प्लाय ओल्या बिछान्याने फुगतो. शेवटी १० मिमी पीव्हीसी फोम बोर्डवर आलो, समोर ५ मिमी सरकत्या काचा. पण फोम बोर्डची एक गोम आहे. तो उष्णता अडवतो, म्हणून मॅट तळाच्या बाहेरून चिकटवली तर ती स्वतःच तापत राहते आणि आत काहीच पोचत नाही. त्यामुळे मॅट आत घेतली. तळाचा एक तृतीयांश भाग, त्यावर मॅट, वर ६ मिमी टाइल, कडा सिलिकॉनने बंद. टाइलवर बिछाना एक-दीड सेंटीमीटरच. जाड थर टाकला तर वर थंड लागतं, साप खाली शिरतो आणि गरम टाइलवर पोट टेकवून बसतो. पोटाखालची उष्णता भाजेपर्यंत सापाला उठवत नाही. पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग दिसले तर बहुतेक वेळा कारण हेच.

नुसत्या मॅटवर हिवाळा निघत नाही. ९० × ६० × ४५ सेंमी पेटीचं एकूण क्षेत्रफळ सुमारे २.४ चौरस मीटर. खोलीत १२ अंश आणि पेटीत सरासरी २६ ठेवायचे म्हटलं, तर १० मिमी फोम बोर्डमधून अंदाजे ८५ वॉट बाहेर जातात. खोली १८ अंशांवर असली तर ५० वॉटच्या आसपास. म्हणून या मापाला १०० वॉटचा सिरॅमिक एमिटर (उजेड न देता नुसती उष्णता देणारा हीटर) वरून देतो. होल्डर चिनीमातीचाच, प्लॅस्टिकचा वितळतो. भोवती जाळी हवीच, नाहीतर साप त्याला विळखा घालतो.

आता व्होल्टेज. खेड्यावरच्या लाइनीला रात्री पंप बंद झाले की २६० पर्यंत चढतं, पंप चालू असले की १८० वर येतं. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. २३० ला १०० वॉट देणारा एमिटर २६० ला १२८ देतो आणि १८० ला ६१. थर्मोस्टॅट (तापमान पाहून हीटर चालू-बंद करणारं उपकरण) नसेल तर तीच पेटी संध्याकाळी गार आणि पहाटे भट्टी. डिमर फिरवून ‘बरोबर जमलं’ म्हणणाऱ्यांचं इथेच फसतं.

थर्मोस्टॅट निवडताना : मॅट आणि सिरॅमिकला ऑन-ऑफ किंवा पल्स (थोड्या-थोड्या वेळाने वीज देणारा) चालतो, उजेड देणाऱ्या बल्बला डिमिंगवालाच (वीज हळूहळू कमी-जास्त करणारा), नाहीतर बल्ब लुकलुकत राहतो. प्रोबची जागा त्याहून महत्त्वाची. मॅटचा प्रोब टाइलवर, बिछान्याखाली, हलणार नाही असा बसवायचा. प्रोब हवेत लटकवला तर हवा २७ दाखवते, मॅट बंदच होत नाही आणि टाइल ४५ च्या पुढे जाते. पाण्याच्या भांड्याजवळही नको, सांडलेलं पाणी प्रोबला गार करतं. एमिटरचा प्रोब वेगळा, त्याच्याखाली सापाच्या उंचीवर.

सुरुवातीच्या कंट्रोलरमध्ये एकच रिले (हीटरची वीज जोडणारा-तोडणारा स्विच) होता. रिलेचे संपर्क कधीतरी चिकटतात, सॉलिड स्टेट रिले (हलत्या संपर्कांशिवायचा इलेक्ट्रॉनिक रिले) तर बिघडला की बहुधा चालू अवस्थेतच अडकतो. म्हणजे बिघाड झाला की उष्णता चालू राहते, बंद होत नाही. यावर आता दोन स्वतंत्र अडथळे आहेत. टाइलला खालून ४० अंशांची बायमेटल डिस्क (ठरावीक तापमानाला आपोआप वीज तोडणारा स्विच), मॅटच्या लाइनीत सिरीजमध्ये. शिवाय दुसरा साधा कंट्रोलर, वेगळ्या प्रोबचा, जो थंड टोकाला ३४ अंश झाले की सगळे हीटर तोडतो आणि बझर वाजवतो. पुरवठ्याला आरसीसीबी (वीज गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) ३० मिलिअँपियरचा, कारण आत पाणी असतं आणि साप ते सांडतोच. प्रत्येक प्रोब थर्मासमध्ये बर्फ-पाण्याच्या काल्यात बुडवून शून्याशी जुळवतो. काला ढवळला नाही तर तळाशी दोन-तीन अंश जास्त दिसतात. हेच घरी वर्षातून एकदा करा.

पण खान्देशात खरी परीक्षा हीटरची नाही. बाहेर मिळणारी बहुतेक माहिती थंड देशांतली, तिथे प्रश्न पेटी गरम कशी ठेवायची एवढाच. जळगाव-भुसावळला मे महिन्यात ४४-४५ अंश सर्रास असतात. सगळे हीटर बंद असले तरी पेटी खोलीइतकी तापते, आणि पेटीत ३५ च्या वर सतत राहिलं तर साप धोक्यात येतो. तोंड उघडं ठेवणं, मान वाकडी होणं, उलटं पडणं ही शेवटची लक्षणं. म्हणून आता पेटी देण्याआधी आम्ही खोली पाहायला सांगतो. पत्र्याखाली नको. वरच्या मजल्यावर स्लॅबखाली नको, दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. तळमजला, उत्तर किंवा पूर्वेची भिंत. जुन्या धाब्याच्या घरातली आतली खोली असेल तर त्यासारखं काही नाही.

कूलर एप्रिल-मेमध्ये उत्तम चालतो. हवा ४३ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर चांगल्या पॅडचा कूलर २७ च्या आसपास हवा देतो. खिडकी थोडी उघडी हवी, झोत पेटीवर नको. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर हाच कूलर शत्रू होतो : ३६ अंश आणि ६० टक्क्यांना तो ३०-३१ च्या खाली आणू शकत नाही, आणि खोली दमट करतो. दमट बिछान्यावर पोटाचे खवले सडू लागतात. तेव्हा कूलरचा पंप बंद, फक्त पंखा, किंवा एसी २७ वर.

दुपारी वीज गेली तर एक लिटरची गोठवलेली बाटली कापडात गुंडाळून थंड टोकाच्या जाळीवर ठेवा. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो, म्हणजे सहा तास साधारण १५ वॉट. गार हवा खाली उतरते, म्हणून बाटली वरच हवी. आत ठेवू नका, साप तिच्यावर बसेल. वीज परत आली की हीटर आपोआप सुरू होऊ नयेत म्हणून कंट्रोलर उन्हाळा-मोडवर हवा. हे बटण आम्ही नंतर दिलं. जुन्या पेट्यांना मार्चअखेरीस एमिटरचा प्लग हाताने काढावा लागतो.

हिवाळ्यात उलट हिशेब. २० वॉटची मॅट आठ तास म्हणजे १६० वॉटतास. १२ व्होल्ट २६ एएचची (अँपियर-तासांची) बॅटरी अर्धी वापरली तर जवळपास तेवढंच देते. इन्व्हर्टरमध्ये वाया जाणारा भाग धरून आम्ही ४२ एएच सांगतो.

पेटी घरी आल्यावर साप लगेच आत सोडू नका. रिकामी पेटी ४८ तास चालवा, बिछाना, पाणी, लपायच्या जागा सगळं घालून. दोन्ही टोकांचे आकडे पहाटे ५ ला आणि दुपारी ३ ला लिहा. पहाटे गरम टोक २९ च्या खाली गेलं किंवा दुपारी थंड टोक ३० च्या वर गेलं, तर आधी पेटीची जागा बदला, सेटिंग नंतर. ते चारही आकडे आम्हाला कळवा.