द्राक्षदेठांची तपासणी आणि फ्यूम हूडची अडकलेली फाइल: माझा अनुभव

आमच्या प्रयोगशाळेत फ्यूम हूड, म्हणजे घातक धूर ओढून घेणारे, पुढे काच असलेले कपाट, बसून आता चार महिने झाले, तरी खरेदी विभागात फाइल अडकून पडलेले ते सात आठवडे आठवले की आजही मनस्ताप होतो. सांगली परिसरातले बागायतदार ऑक्टोबर छाटणीनंतर बाग फुलोऱ्यात आली की पानांचे देठ तपासणीसाठी आणतात. हे देठ वाळवून, दळून आम्लात तापवावे लागतात. आमच्याकडे हे काम वर्षानुवर्षे खिडकीतल्या एक्झॉस्ट पंख्याखाली चालत असे. नायट्रिक आम्लाच्या तपकिरी धुराने त्या पंख्याची पाती कडेने खाल्ली गेली होती. ती पाहिल्यावर आमच्या सहायकांच्या छातीत काय जात असेल हे वेगळे सांगायला नको होते.

डक्ट (धूर बाहेर नेणारी नळी) नसलेले, कार्बन फिल्टरचे हूड घ्यावे असे काहींनी सुचवले होते. रोज गरम आम्लाचा धूर निघणाऱ्या कामाला ते योग्य नाही, म्हणून तो पर्याय मी पहिल्याच दिवशी बाजूला ठेवला. आतून एफआरपी (काचतंतू घातलेले प्लास्टिक), खाली काठ उचललेला ग्रॅनाइटचा ओटा आणि छतावर जाणारी डक्ट हेही लवकर ठरले.

घोडे अडले ते तुलनात्मक तक्त्यावर. तीन दरपत्रके आली होती. एकात ‘1 एचपी ब्लोअर’ एवढेच लिहिले होते, दुसऱ्यात ‘1200 सीएफएम’ (मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते ते माप), तर तिसऱ्यात केवळ लांबी-रुंदी आणि किंमत. माझ्या मागणीपत्रातच कामगिरीचा निकष नव्हता, त्यामुळे प्रत्येकाने आपल्या सोयीचे लिहिले होते. ‘‘मॅडम, सगळ्यात कमी दर कुणाचा तेवढं सांगा, आदेश काढतो,’’ असे लिपिक म्हणत, आणि मी नकार दिला की ‘माहिती अपूर्ण’ असा शेरा मारून फाइल परत येई. असे तीनदा झाले. कॅटलॉगमधला सीएफएम पुष्कळदा डक्ट न जोडता मोजलेला असतो, आणि लांब डक्ट व तीन एल्बो (डक्टची वळणे) जोडल्यावर तो बराच घसरतो, हे मी तीनही वेळा लेखी कळवले. ते कोणी वाचले असावे असे मला वाटत नाही.

शेवटी मी खरेदी समितीपुढे कागदावर हिशेब मांडला. आतली रुंदी 4 फूट आणि सॅश, म्हणजे पुढची सरकती काच, दीड फूट उघडी धरली तर तोंडाचे क्षेत्रफळ 6 चौरस फूट होते. तोंडाशी हवेचा वेग मिनिटाला 100 फूट हवा असेल, तर डक्ट जोडलेल्या अवस्थेत 600 सीएफएम मिळालेच पाहिजेत. त्यानंतर आदेशात अट आली: हूड बसवल्यावर, सॅश 18 इंच उघडी ठेवून, नऊ ठिकाणी अॅनिमोमीटरने (हवेचा वेग मोजणाऱ्या यंत्राने) वेग मोजायचा, सरासरी 100 यावी, कुठेही 80 च्या खाली जाऊ नये, आणि तोवर 30 टक्के रक्कम राखून ठेवावी. ही अट वाचून एका पुरवठादाराने माघार घेतली आणि दुसऱ्याने दर वाढवला. हूड घेणाऱ्या प्रत्येकाने ही अट पहिल्याच पत्रात घालावी, असे मी आग्रहाने सांगेन.

अटीचा उपयोग लगेच झाला. पहिल्या चाचणीत सरासरी 62 आली. ‘‘सॅश थोडी खाली घ्या, रीडिंग वाढेल,’’ असे बसवणाऱ्याने सुचवले. तोंड लहान केले की वेग वाढतोच, पण अट 18 इंचांची होती. मी उदबत्ती पेटवून तोंडाशी धरली. मधोमध धूर सरळ आत ओढला जात होता, मात्र डाव्या कोपऱ्यात वळसा घेऊन तो माझ्या मनगटावरून बाहेर येत होता. दोन काटकोनी एल्बो काढून मोठ्या वळणाचे बेंड लावले, ब्लोअरची पुली बदलली, तेव्हा सरासरी 104 वर गेली. तो आकडा नोंदवहीत लिहिताना मला फार समाधान वाटले.

डावा कोपरा मात्र दाराजवळ होता, हे आधीच लक्षात यायला हवे होते. मिनिटाला 100 फूट म्हणजे ताशी दोन किलोमीटरसुद्धा नाही. जवळून चालत गेलेला माणूस किंवा छताचा पंखा हा प्रवाह सहज मोडतो. म्हणून हूड दारापासून दूर बसवावे. आमचे हलवणे शक्य नव्हते, त्यामुळे तापवण्याचे काम चालू असताना ते दार बंद असते आणि त्या बाजूचा पंखाही. मात्र खोली पूर्ण बंद केली तर ओढायला हवाच उरत नाही, म्हणून समोरच्या खिडकीला जाळीची झडप बसवून घेतली.

एक गोष्ट खरे तर सुरुवातीलाच सांगायला हवी होती. देठांसाठी आम्ही पूर्वी नायट्रिकबरोबर पर्क्लोरिक आम्ल वापरत होतो. त्याची वाफ डक्टमध्ये साचून स्फोटक क्षार तयार होऊ शकतात, म्हणून त्याला आतून पाण्याने धुतले जाणारे स्वतंत्र हूड लागते. तेवढा खर्च झेपणारा नव्हता, तेव्हा आम्ही नायट्रिक आणि हायड्रोजन पेरॉक्साइडची पद्धत स्वीकारली. हूडच्या दर्शनी भागावर ‘पर्क्लोरिक वर्ज्य’ अशी पाटी आहे, आणि काचेपासून 15 सेंटिमीटर आत ओट्यावर पिवळी पट्टी आहे. हॉटप्लेट त्या पट्टीच्या पलीकडेच ठेवली जाते.