सव्वीस आटे

सायकलच्या डाव्या पायडलचा आटा उलटा असतो. ज्याला हे माहीत आहे, तो पाना घट्ट करायच्या दिशेने फिरवतो आणि पायडल सुटतं. ज्याला माहीत नाही, तो आधी पान्यावर जोर लावतो, मग पान्यावर पाय देतो, मग त्या पायावर उभा राहतो आणि शेवटी पाना घसरला की पोटरी सोलून घेतो. मी दुसऱ्या जातीचा. पोटरीवरची खूण अजून आहे. लंगडत कोपऱ्यावरच्या मेस्त्रींकडे गेलो, तेव्हा त्यांनी पायडलकडे पाहिलं, माझ्या पोटरीकडे पाहिलं आणि म्हणाले, "साहेब, अर्धा तास तुम्ही ते घट्ट करत होतात."

उलट आट्याचं कारण मला पुढे कळलं. आपण पायडल मारतो, तेव्हा क्रँकच्या भोकात बसलेला पायडलचा दांडा पायाच्या दाबाखाली, डोळ्याला दिसणार नाही इतका हळू, उलट बाजूला सरकत असतो. दोन्हीकडे सारखेच आटे असते, तर डावं पायडल चालता चालता सैल होऊन एक दिवस रस्त्यात गळून पडलं असतं. म्हणून तिथे मुद्दाम उलटा आटा. त्याच न्यायाने, दोन्ही क्रँकना जोडणारा आस जिच्यात फिरतो त्या खालच्या नळीतली, छर्रे धरणारी उजव्या बाजूची वाटीही उलट्या आट्याची. ज्यांनी हे योजलं त्यांना नमस्कार. पण त्यांनी पायडलवर एक बाण तरी काढून ठेवायचा होता!

ही सायकल माझ्याकडे आली ती सदाशिव पेठेतल्या एका वाड्यातून. वाडा पाडून इमारत उठणार होती, भाडेकरू एकेक करून निघाले होते आणि जिन्याखालच्या अंधारात, पाण्याचं पिंप आणि मोडका पाळणा यांच्या मागे, एक काळी सायकल भिंतीला टेकून उभी होती. माझ्या मित्राने ती पाहिली आणि मला फोन केला. हल्ली लोक मला अशा कारणांसाठी फोन करतात. पूर्वी जेवायला बोलावण्यासाठी करायचे.

मी बॅटरी मारली. पुढच्या नळीवर धुळीखाली पितळी बिल्ला होता. बोटाने पुसला तर बगळ्याचं डोकं दिसलं. चेनच्या मोठ्या चक्रातही बगळेच. रॅले! आणि बिल्ल्यावर नॉटिंगहॅम, म्हणजे रॅलेचं इंग्लंडमधलं गाव. पन्नासच्या दशकात रॅलेच्या सायकली आपल्याकडे आसनसोलला सेन-रॅलेच्या कारखान्यात बनायला लागल्या, त्याच्या आधीचा हा विलायती माल असावा. जुन्या सायकली नावाआधी चक्रावरून ओळखू येतात. 'रज' कंपनीच्या सायकलच्या चक्रात उघडा पंजा असतो, हंबरच्या चक्रात हातात हात घालून पळणारी माणसं असतात. चक्र म्हणजे नुसते दात आणि भोकं, पण त्यातही कुणीतरी चित्र काढायची हौस भागवून घेतली आहे.

"ह्यांची सायकल आहे," वरून आवाज आला. काकू जिन्याच्या पाचव्या पायरीवर उभ्या होत्या. वय ऐंशीच्या आसपास. "भंगारवाला किलोवर मागत होता. मी म्हटलं, इंग्लिश सायकल आहे, वांगी नाहीत."

पुढचा पाऊण तास घासाघीस झाली. मी गंज दाखवला, त्यांनी बगळा दाखवला. मी फाटकी सीट दाखवली, त्यांनी ती ब्रुक्स या नामी कंपनीची आहे हे दाखवलं. (हे त्यांना कसं ठाऊक, हे मला आजतागायत समजलेलं नाही.) साडेतीन हजारांवर सौदा ठरला, वर एक अट. "झाली की दाखवायला आणा." 'ह्यांचं' नाव त्यांनी अर्थातच घेतलं नाही, आणि मीही विचारलं नाही. घरी आल्यावर बायको एवढंच म्हणाली, "जास्त दिलेस."

जुनी सायकल खोलायला बसलं की पहिल्यांदा भेटते ती घाण, आणि त्यानंतर माणसं. सीटचा दांडा नळीतून उपसला, तेव्हा त्याच्याभोवती गुंडाळलेली पत्र्याची पट्टी निघाली. दांडा सैल होत होता म्हणून कुणीतरी बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापून आत सारला होता. त्यावर अजून गुलाबाची अर्धी पाकळी शाबूत होती. सीटचं कातडं मधोमध फाटलेलं, ते चांभाराकडून जाड दोऱ्याने शिवून घेतलेलं आणि खालून टायरची पट्टी लावलेली. मागच्या ब्रेकची एक दांडी मूळची नव्हती, ती कुठल्यातरी जाड सळईला घरीच वाकवून बनवली होती. कोन किंचित चुकला होता, म्हणून मागचा ब्रेक लावला की आधी विचार करायचा आणि मग लागायचा.

पण सगळ्यात भारी कारभार मागच्या चाकात होता. त्यात स्टर्मी-आर्चर कंपनीचा तीन गिअरचा हब, म्हणजे चाकाच्या मध्यावरचा डबा, होता. सगळे दाते डब्याच्या आत, बाहेरून दिसते ती फक्त अंगठीतून ओवता येईल एवढी बारीक साखळी. साखळी ओढली की गिअर हलका, सोडली की जड. हँडलवरची गिअरची कळ कधीच गेली होती. म्हणून त्या सद्गृहस्थांनी साखळी मध्यावर ताणून चक्क तारेने फ्रेमला बांधून टाकली होती. तीन गिअरची सायकल कायमची दुसऱ्या गिअरवर! हबच्या पोटावर बनावटीचं वर्ष ठोकलेलं असतं, तिथे '५१' होतं.

मग घंटी. वाटीवर काळा-हिरवा थर बसला होता. पितळेला चिंचेसारखं औषध नाही. आमसुलाच्या पाण्यानेही होतं, पण ते पाणी आमच्या घरी पिण्यासाठी राखीव असतं. चिंच चोळता चोळता बोटांना काहीतरी खडबडीत लागलं. भांड्यांवर नाव घालतात तशी ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती: 'चि. दत्तूस मामाकडून सप्रेम भेट'.

तर हे दत्तू. काकूंचे 'हे'. मला एकदम माणूस सापडला. १९५१ ची सायकल आणि काकूंचं वय यांचा मेळ नीट बसत नव्हता, पण दत्तोपंत वयाने बरेच मोठे असतील असं मी ठरवून टाकलं. नोकरी लागल्यावर मामाने घेऊन दिली असेल. मामा नक्की मुंबईचा. दत्तोपंत कारकून असावेत, सरळमार्गी, काटकसरी. बिस्किटाचा पत्रा जपून ठेवणारे. ज्या माणसाने तीन गिअर असताना आयुष्यभर मधलाच पत्करला, त्याच्या स्वभावाबद्दल अजून काय सांगायला हवं? गिअरला बांधलेली ती तार मी काढली, पण फेकली नाही. एका डबीत ठेवून वर चिठ्ठी लावली.

आता सुट्या भागांची गोष्ट. पुण्यात बुधवारी आणि रविवारी कुंभारवेशीजवळ जुना बाजार भरतो, तिथे मी गेली काही वर्षं इतक्या नियमाने जातो की आईला वाटतं मी कुठल्यातरी महाराजांकडे जातो. तिथे जमिनीवर गोणपाट पसरलेलं असतं आणि त्यावर कुलपांच्या किल्ल्या, नळाच्या तोट्या, टेलिफोनचे रिसीव्हर, कुणाच्या तरी कवळ्या. या ढिगात हात घालण्याचंही एक शास्त्र आहे. जे हवं ते आधी उचलायचं नाही. आधी तोटी उचलायची, भाव विचारायचा, खाली ठेवायची. मग भलतंच काहीतरी. मग सहज म्हणून आपली वस्तू. विक्रेत्याला हे सगळं माहीत असतं. पण नाटक दोघांनीही नीट करायचं असतं, नाहीतर भाव पटत नाही.

मला हवी होती खालच्या नळीतली डाव्या बाजूची वाटी. जुन्या वाटीला खड्डे पडले होते. त्या नळीत प्रत्येक बाजूला अकरा छर्रे असतात, एकूण बावीस, आणि ते आमच्या गॅलरीत बावीस दिशांना गेले. एकवीस मिळाले. बाविसावा चार दिवसांनी बायकोच्या चपलेत सापडला. तिने तो न बोलता माझ्या ताटाशेजारी ठेवला.

तर वाटी. जुन्या बाजारात एक मिळाली, दिसायला अगदी हुबेहूब. घरी आणून लावली. दीड फेरा गेली आणि अडली. मला वाटलं गंज असेल, डिझेल सोडलं. पुन्हा अडली. लांब पाना घेतला आणि जोर लावणार, तेवढ्यात पोटरी आठवली. मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी दोन्ही वाट्या एकमेकींना पाठीला पाठ लावून उजेडात धरल्या. दोन-तीन आट्यांपर्यंत रेघेला रेघ जुळत होती, पुढे हळूहळू चुकत गेली. "इतर सायकलींना एका इंचात चोवीस आटे," ते म्हणाले, "रॅलेला सव्वीस. रॅले कोणाशी सोयरीक करत नाही. जबरदस्ती केली असतीत तर नळी गेली असती. वाटी दुसरी मिळेल, नळी कुठून आणणार?"

एका इंचात दोनच आटे जास्त. पण तेवढ्यासाठी मी पुढचे अकरा आठवडे हिंडलो, मुंबईच्या चोरबाजारातसुद्धा एका शुक्रवारी पहाटे जाऊन आलो. शेवटी वाटी मिळाली ती जुन्या बाजारातच, एका मेलेल्या रॅलेच्या सांगाड्यात. ती काढायला मेस्त्रींना वीस मिनिटं लागली. काढल्यावर तो सांगाडा इतका केविलवाणा दिसायला लागला की मी तोही विकत घेतला. तो सध्या गॅलरीत आहे. त्याबद्दल घरी बोलणं टाळतो.

टायरच्या बाबतीत मात्र आपण राजे आहोत. अठ्ठावीस बाय दीडची चाकं विलायतेत जवळजवळ इतिहासजमा झाली. तिथल्या सायकलवेड्यांना त्यांच्यासाठी शोधाशोध करावी लागते. आपल्याकडे काळी उंच सायकल तशीच्या तशी बनत राहिली, दूधवाल्याने आणि पोस्टमनने चालवत ठेवली, म्हणून १९५१ च्या नॉटिंगहॅमच्या रिमवर चढणारा टायर आजही तालुक्याच्या गावी कांदे-बटाट्याच्या दुकानाशेजारी टांगलेला मिळतो. दांडीच्या ब्रेकची रबरं तर मूठभर घेऊन आलो. दुकानदाराने विचारलं, "दूध घालता का?"

मग रंगाचा प्रश्न उभा राहिला. मूळचा काळा रंग जागोजागी उडालेला, सोनेरी रेघा पुसट. पूर्वी माझं उत्तर तयार असायचं: घासायचं, भट्टीचा रंग मारायचा, आरसा करून टाकायचा. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकल संग्रहालय आहे. ते पहिल्यांदा पाहून आलो, तेव्हा आठवडाभर मला आपल्या घरातली प्रत्येक वस्तू मळकी दिसत होती. पण ते संग्रहालय आहे आणि माझी गॅलरी आहे. माझ्या आधीच्या दोन सायकली मी आरशासारख्या करून पाहिल्या आणि मग पावसात काढायची छाती होईना. खाली नेतानाच जीव वर यायचा. शिवाय या सायकलचा रंग खरवडायचा म्हणजे नळीवर जिथे दत्तोपंतांच्या धोतराचा काठ वर्षानुवर्षं घासून रंग गेला होता (धोतर मी गृहीत धरलं होतं), तो पट्टाही जाणार. मी नुसतं तेलाने पुसलं. मडगार्डच्या कडा आणि हँडल स्वयंपाकघरातल्या चांदीच्या कागदाचा बोळा पाण्यात बुडवून घासलं. गंज जातो, क्रोमला ओरखडा येत नाही. पोळ्या दोन दिवस फडक्यात गुंडाळून डब्यात गेल्या. सीट तशीच ठेवली, चांभाराच्या टाक्यांसकट. गुलाबाचा पत्राही परत आत सारला.

वाकडी ब्रेकची दांडी बदलली. तिथे भावना बाजूला ठेवल्या. मला लक्ष्मी रोडवरून जायचं असतं.

गिअरची कळ मिळाली, नवी तार ओवली आणि पहाटे पहिली फेरी मारली. पहिला गिअर, छान. दुसरा, लोण्यासारखा. तिसरा टाकला, चढावर उभा राहून पायडलवर भार दिला आणि पाय एकदम पाताळात गेला. या हबमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मधे एक पोकळी असते. तार थोडी चुकली की सायकल कुठल्याच गिअरमध्ये नसते. नळीवर कुठे आपटलो ते सांगत नाही. एक दूधवाला थांबला, चौकशी केली आणि गेला. तिथे रस्त्याकडेला बसल्या बसल्या मला ती डबीतली तार आठवली, आणि दत्तोपंतांनी मधलाच गिअर का पत्करला ते उमगलं. स्वभावाचा काही संबंध नव्हता. तेही आपटले होते.

ठरल्याप्रमाणे सायकल दाखवायला नेली. काकू आता सिंहगड रोडला मुलाकडे राहतात, सातव्या मजल्यावर. लिफ्टमध्ये सायकल उभी करून नेली. काकूंनी चष्मा लावला, सायकलभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि सीटवरच्या टाक्यांवर बोट ठेवून म्हणाल्या, "हे तसंच ठेवलंत?"

"मुद्दाम ठेवलं," मी म्हणालो. "आणि हे बघा." मी घंटी पुढे केली. चिंचेने लखलखत होती. "दत्तोपंतांचं नाव."

"कोण दत्तोपंत?"

"म्हणजे... आजोबा. तुमचे."

काकूंनी चष्मा काढला. "ह्यांचं नाव दत्तू नव्हे हो. ही सायकल ह्यांनी जुन्या बाजारातून आणलेली. हा दत्तू कोण, कुणाला माहीत? मी म्हणायचे, घासून टाका ते, लोक विचारतात. तर म्हणायचे, असू दे, कुणाच्या मामाने हौसेने दिलंय." मग त्यांनी घंटी एकदा वाजवून पाहिली. "ही शिवलेली सीटसुद्धा आली तेव्हा अशीच होती."

"आणि गिअरची तार?"

"ती ह्यांनी बांधली. पर्वतीच्या चढाला आपटले होते."

मी विचारलं, कितीला घेतली होती.

"नव्वद रुपयांना," काकू म्हणाल्या. "जास्त दिले. मी तेव्हाच म्हटलं होतं."