नकाशातला कर्ता

डेट्रॉइटचा १९७१ सालचा एक नकाशा मी दर वर्षी पहिल्याच तासाला मुलांसमोर ठेवते. दिसायला साधा: काही रस्ते, काही खुणा. पण मथळ्याचा अर्थ वाचून वर्ग गप्प होतो. उपनगरातून शहरात ये-जा करणारे नोकरदार काळ्या मुलांना कुठे गाडीखाली घेतात, असा तो मथळा. 'अपघातप्रवण ठिकाणे' असंही लिहिता आलं असतं. मग वाक्यातून कर्ता गेला असता.

माझ्या लेखी चिकित्सक भूगोल म्हणजे हा कर्ता शोधणं. १९६९मध्ये अमेरिकेतल्या क्लार्क विद्यापीठात 'अँटिपोड' हे नियतकालिक सुरू झालं, ते याच अस्वस्थतेतून. त्याच वर्षी भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वी यांचा भूगोलातल्या शास्त्रीय पद्धतीवरचा जाडजूड ग्रंथ आला. चारच वर्षांनी ते शहर आणि सामाजिक न्यायावर लिहीत होते. १९७९मध्ये नील स्मिथ या भूगोलतज्ज्ञाने मांडलेली भाडे-तफावतीची कल्पना तर मला अजून वापरावी लागते. जमिनीतून आज मिळणारं भाडं आणि मिळू शकणारं भाडं यांतली दरी रुंदावली, की तिथे पैसा येतो आणि राहणारी माणसं बाहेर पडतात. 'वस्ती सुधारली' म्हणताना आपण नेमकं हेच गाळतो.

पण या शाखेनेही कर्ते गाळलेच. डेट्रॉइटचा तो नकाशा ज्या भूगोल-मोहिमेतून निघाला, तिचं श्रेय बराच काळ विल्यम बंगी या प्राध्यापकाकडेच गेलं. ती मोहीम चालवण्यात शहरातली तरुण काळी कार्यकर्ती ग्वेंडोलिन वॉरेनचा मोठा वाटा होता. मी शिकत असताना तिचं नाव माझ्या टिपणांत कुठेच नव्हतं, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढची लढाई मला इथेच दिसते. आता उपग्रहाची चित्रं आणि सॉफ्टवेअर मिनिटभरात रंगीत नकाशा देतात. कोणता रंग कुठे आणि का, हे कुणी ठरवलं ते मात्र दिसत नाही. शिवाय आपले शोधनिबंध महागड्या वर्गणीच्या कुलपात. 'अ‍ॅक्मे'सारखं मोफत नियतकालिक २००२पासून निघतंय. अशी आणखी हवीत. ज्यांच्या वस्तीचा नकाशा, त्यांना तो वाचता यायलाच हवा.

गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने 'पूरग्रस्त क्षेत्र' नावाचा नकाशा आणला. मी मथळा परत लिहायला सांगितला. तिसऱ्या खेपेला तिने लिहिलं: 'नदीचं पात्र कुणी, कुठे अरुंद केलं'. आता तिला बांधकाम परवान्यांच्या नोंदी हव्या आहेत.