स्वस्तातला सीओटू

माशांच्या टाकीत लावायला रोटाला ही पाणवनस्पती आणली तेव्हा तिचे शेंडे गुलाबी होते. महिन्याभरात खालची पानं गळून नुसत्या काड्या उरल्या. उजेड कमी पडत असेल म्हणून जास्त ताकदीचा लाइट बसवला, तर झाडं होती तिथेच आणि काचेवर शेवाळ मात्र जोमात. मग कुठे लक्षात आलं की उपाशी झाडाला मी नुसतंच दामटत होतो. टाकीच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड (सीओटू) असतो लिटरमागे जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम, आणि तो पाण्यात पसरतो हवेपेक्षा सुमारे १०,००० पट सावकाश. रोटालाचं तेवढ्यावर भागत नाही. (वॅलिसनेरिया पाण्यातल्या बायकार्बोनेटवरही निभावून नेते, अनुबियास तर मुळातच आळशी. या दोघींवर समाधान मानलं असतं तर पुढचा सगळा उपद्व्याप टळला असता.)

म्हणजे सीओटू बाहेरून द्यायला हवा. त्याचा सिलिंडर आणि रेग्युलेटर खिशाला झेपणारे नव्हते. म्हणून सुरुवात साखर-यीस्टने. कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली, दोन वाट्या साखर, कोमट पाणी, अर्धा चमचा कोरडं यीस्ट. झाकणाला भोक पाडून नळी काढली आणि टाकीत सोडली. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि सीओटू सोडतं, एवढाच कारभार. दुसऱ्या दिवशी बुडबुडे आले तेव्हा घरातल्या प्रत्येकाला हात धरून दाखवले. चौथ्या दिवशी पाणी दुधाळ! बाटली मी गळ्यापर्यंत भरली होती, त्यामुळे फेस नळीतून थेट टाकीत उतरला. मध्ये पाण्याची छोटी बाटली जोडायची असते, फेस तिथेच अडतो, हे पाणी बदलता बदलता कळलं.

पण खरी अडचण फेसाची नव्हती. यीस्टला बटण नसतं. रात्री झाडं सीओटू घेत नाहीत, उलट ऑक्सिजन वापरतात, आणि बाटली आपली चालूच. उकाडा वाढला की तिला जोर चढतो, गारवा आला की सुस्ती, दोन-तीन आठवड्यांत दम संपतो. या चढउतारातच अनुबियासच्या पानांच्या कडांना काळी दाढी फुटली, म्हणजे ब्लॅक बिअर्ड शेवाळ.

मग सायट्रिक ॲसिड आणि खाण्याच्या सोड्याकडे वळलो. दोन बाटल्यांचा, तयार झाकणांचा किट मिळतो. एका बाटलीत २०० ग्रॅम सायट्रिक ॲसिड ६०० मिली पाण्यात विरघळवायचं, दुसरीत २०० ग्रॅम सोडा आणि २०० मिली पाणी. पहिली बाटली दाबली की थोडं ॲसिड सोड्यात जातं, गॅस होतो, दोन्हीकडे दाब चढतो. पुढे गॅस वापरला जाऊन सोड्याकडचा दाब उतरला की पहिल्या बाटलीतला दाबच आणखी थोडं ॲसिड पलीकडे ढकलतो. ही करामत मला अजूनही बघत बसावीशी वाटते. बाटल्या कोल्ड्रिंकच्याच हव्यात. साध्या पाण्याच्या बाटल्या पातळ असतात, दाब धरत नाहीत.

पहिल्या रात्री किटच्या दाबमापकाचा काटा दीडवर होता, सकाळी शून्यावर. साबणाचं पाणी करून ब्रशने प्रत्येक जोडावर लावलं. एका झाकणाच्या कडेला मोहरीएवढा फुगा हळूहळू फुगायला लागला. वॉशर तिरका बसला होता, बस्स. त्याच फेरीत सिलिकॉनची नळीही बदलली, कारण तिच्या भिंतीतूनच गॅस झिरपतो. टाकीचं पाणी उलटं बाटलीत येऊ नये म्हणून चेक व्हॉल्व्हही बसवला. काटकसर बाकी कुठेही करावी, इथे करू नये.

नीडल व्हॉल्व्हने, म्हणजे गॅस कमी-जास्त करायच्या बारीक तोटीने, माझी फजिती केली. तो फिरवला की परिणाम लगेच दिसत नाही. मी आणखी फिरवला, परत फिरवला, आणि अर्ध्या तासाने डिफ्युजरमधून (गॅसचे बारीक बुडबुडे करून पाण्यात सोडणारा भाग) धुकंच निघायला लागलं. ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगावरून दाखवणारी कुपी, हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होतो. पण तो एक-दोन तास मागे चालतो, शिवाय त्यात मी टाकीचंच पाणी घातलं होतं. तिथे ४ डीकेएचचं (कार्बोनेट कठीणपणाचं माप) तयार द्रावण लागतं, तेव्हाच हिरवा म्हणजे साधारण ३० पीपीएम (लिटरमागे ३० मिलिग्रॅम), निळा म्हणजे कमी, पिवळा म्हणजे धोका. मासे वर येऊन तोंडं उघडी टाकून धापा टाकायला लागले तेव्हा गॅस बंद केला, एअर पंप लावला आणि तिसरा हिस्सा पाणी बदललं. सगळे वाचले, पण त्या तासाभरात मी खुर्चीवरून उठलो नाही.

तेव्हापासून व्हॉल्व्ह दिवसातून एकदाच, केसभर फिरवतो. साठ लिटरच्या टाकीला मी दोन सेकंदांना एका बुडबुड्यापासून सुरुवात केली आणि आठवडाभरात सेकंदाला एकावर आलो. लाइट लागायच्या तासभर आधी गॅस सुरू, लाइट जायच्या तासभर आधी बंद. किटला सोलेनॉइड (विजेवर आपोआप उघडझाप करणारा व्हॉल्व्ह) नाही, म्हणून हे हातानेच. विसरतो कधीकधी.

तिसऱ्या आठवड्यात एका संध्याकाळी रोटालाच्या पानांखाली टाचणीच्या टोकाएवढे मोती लटकलेले दिसले. ऑक्सिजनच तो, पाण्यात मावेना म्हणून बाहेर आलेला. आता दर पंधरवड्याला छाटणी करावी लागते, आणि छाटलेले शेंडे टाकून द्यायला जीव होत नाही. दुसऱ्या टाकीसाठी बाटल्या धुऊन ठेवल्या आहेत.