आयत्या वेळचा विषय

१७ सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडावंदन होतं तेव्हा रझाकार, पोलीस कारवाई, सरहद्दीवरच्या छावण्या यांची आठवण निघते. त्याच आठवड्यात पॅरिसमध्ये काय चाललं होतं, हे भाषणात क्वचितच येतं. निजाम सरकारने २१ ऑगस्ट १९४८ ला भारताविरुद्धची तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे धाडली होती. ती विषयपत्रिकेवर घ्यावी का, यावर १६ सप्टेंबरला मतदान झालं. बाजूने ८, विरोधात कुणी नाही, तिघे तटस्थ. भारतातर्फे रामस्वामी मुदलियार म्हणाले, हैदराबाद स्वतंत्र राष्ट्रच नाही, मग त्याला तक्रार करता येतेच कशी? दुसऱ्याच दिवशी निजामाने हार मानली आणि २२ तारखेला तार करून तक्रारही मागे घेतली. विषय मात्र परिषदेच्या यादीत पुढे कित्येक दशकं पडून राहिला.

विषय नुसता पत्रिकेवर आला म्हणजे कुणी राष्ट्र ठरत नाही. तरीही खरी मारामारी तिथेच होते. जागतिक आरोग्य संघटनेत तैवानचं घोडं अडतं ते याच उंबरठ्यावर.

मागणी तशी छोटी. मे महिन्यात जिनिव्हाला संघटनेच्या सदस्य देशांची आरोग्य सभा भरते, तिथे निरीक्षक म्हणून बसायचं. निरीक्षकाला मत नसतं. खुल्या बैठकांना बसता येतं, अध्यक्षांनी परवानगी दिली तर बोलता येतं. नियमांप्रमाणे सदस्यत्वासाठी अर्ज केलेल्या राष्ट्राला महासंचालक निरीक्षक म्हणून बोलावू शकतात. पण अर्ज करायला आधी 'राष्ट्र' असावं लागतं, आणि वाद नेमका तोच आहे: चीन तैवानला आपलाच भाग मानतो. सहसदस्यत्वाची वाटही बंद. एखाद्या प्रदेशासाठी तो अर्ज त्याचा परराष्ट्र व्यवहार पाहणाऱ्या सदस्य देशाने करायचा असतो. म्हणजे तैवानसाठी चीनने. तैपेईला, म्हणजे तैवान सरकारला, ते कधीच चालणार नाही.

मग उरतो तो आयत्या वेळचा विषय. ग्रामसभेत 'अध्यक्षांच्या परवानगीने' येतो, तसाच. एखाद्या मित्रदेशाने सभा सुरू होण्याच्या किमान ६ दिवस आधी लेखी मागणी पोचवायची. ती २५ जणांच्या सर्वसाधारण समितीपुढे जाते. समिती 'घेऊ नये' अशी शिफारस करते, आणि भर सभेत दोघे बाजूने व दोघे विरोधात बोलले की विषय संपतो. दोन-दोनचा हा प्रघात दोन्हीकडच्या सोयीचा आहे. मतदान टळतं, म्हणून कुंपणावरच्या देशांना हात वर करावा लागत नाही, आणि हरणाऱ्याचा आकडाही जाहीर होत नाही. २००४ मध्ये मतदान झालं होतं. अमेरिका आणि जपान बाजूने असूनही २५ विरुद्ध १३३ असा निकाल लागला.

२००९ ते २०१६ ही आठ वर्षं तैवान आत बसलं होतं, ते ठरावाने नाही तर पत्राने. २००८ मध्ये मा यिंग-जिऊ तैवानचे राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडून आले, बीजिंगशी बोलणी झाली आणि महासंचालकांनी तैवानच्या आरोग्यमंत्र्यांना दरवर्षी आमंत्रण धाडायला सुरुवात केली. पाटीवरचं नाव 'चायनीज तैपेई'. २०१६ च्या पत्रात संयुक्त राष्ट्रांच्या १९७१ च्या २७५८ क्रमांकाच्या ठरावाचा दाखला आला. चीनची जागा बीजिंगला देणाऱ्या त्या ठरावात 'तैवान' हा शब्दसुद्धा नाही. आरोग्य सभेने १९७२ मध्ये त्याचीच री ओढली. बीजिंगला न पटणाऱ्या साई इंग-वेन तैवानच्या राष्ट्राध्यक्ष झाल्या आणि २०१७ पासून पत्र थांबलं. वर्षा-वर्षाचं आमंत्रण हे भाडेकरार नसलेल्या खोलीसारखं असतं. ते बंद झालं तर दाद मागायची कुठे?

पॅलेस्टाइनची गोष्ट त्यामुळेच वेगळी. तिथे मुक्ती चळवळींना निरीक्षक म्हणून बोलावण्याचा ठराव सभेनेच १९७४ मध्ये केला. जागा टिकली. १९८९ मध्ये पूर्ण सदस्यत्व मागितलं तेव्हा अमेरिकेने वर्गणी थांबवण्याची धमकी दिली आणि अर्ज लांबणीवर पडला, पण निरीक्षकाची खुर्ची कुणी काढून घेऊ शकलं नाही. व्हॅटिकननेही २०२१ मध्ये आपलं स्थान ठरावाने पक्कं करून घेतलं. माझ्या मते तैवानने आठ वर्षांत हाच प्रयत्न करायला हवा होता. अर्थात तेव्हा तसा आग्रह धरला असता, तर बीजिंगने पत्रही अडवलं असतं.

आरोग्याच्या दृष्टीने काय बिघडतं? संसर्गाची खबर द्यायची वाट. २००९ पासून आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांखाली तैवानला थेट संपर्क मिळाला, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला वुहानमधल्या न्यूमोनियाच्या किमान सात रुग्णांबद्दल विचारणा करणारा ई-मेल त्याच वाटेने आरोग्य संघटनेला गेला. त्या ई-मेलमधून माणसाकडून माणसाला लागण सूचित होत होती की नाही, यावर तैवान आणि संघटना यांनी नंतर एकमेकांची शब्दन्‌शब्द उलटतपासणी केली.

२०२३ च्या दोन-दोन चर्चेत तैवानच्या बाजूने एस्वाटिनी आणि मार्शल बेटं बोलली. विरोधात बोलले चीन आणि पाकिस्तान. हैदराबादचा विषय सुरक्षा परिषदेपुढे मे १९४९ मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा भारताच्या विरोधात बाजू मांडायला पाकिस्तानच उभा होता.